मैदान कोणाच्या नावावर?



व्याख्यानाचा विषय कळवला आणि कार्यवाहांचा लगेच फोन आला. ‘आयर्लंडमधलं स्टेडियम कशाला? आपल्याकडे मैदानांचा दुष्काळ पडलाय का?’ मी म्हटलं, ‘पडलाय, म्हणूनच.’ ते हसले, आणि विषय मंजूर झाला.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी व्यायामशिक्षक होते. अशा मंचावरून खेळाडूंवर बोलायची रीत आहे. मी आज खेळाडूंच्या पायाखालच्या जमिनीवर बोलणार आहे. मैदान म्हटलं की आपण विचारतो, प्रेक्षक किती मावतात? दिवे आहेत का? सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे कोणी विचारत नाही. त्यावर बोजा किती आणि तो फेडतो कोण, हे तर नाहीच नाही. मला आज तेवढंच विचारायचं आहे.

जागा आहे थर्लस. आयर्लंडच्या दक्षिण भागात टिपररी नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. त्या काउंटीतलं हे बाजारपेठेचं गाव. डब्लिनहून कॉर्कला जाणारी रेल्वे इथून जाते. वस्ती सुमारे ८ हजार. आणि या गावाला लागून सेंपल स्टेडियम नावाचं मैदान आहे, त्यात माणसं मावतात ४५ हजार. सगळं गाव, तान्ह्या पोरांसकट, आत नेऊन बसवलं तरी पाचांतल्या चार जागा रिकाम्याच राहतील. हे कोणी उभं केलं? कोल्हापूरचं खासबाग १९१२ मध्ये उभं राहिलं ते शाहू महाराजांनी मनावर घेतलं म्हणून. थर्लसला महाराज नव्हते. सरकार होतं, पण ते इंग्रजांचं, आणि या खेळाकडे संशयाने बघणारं. मग?

थांबा, आधी खेळ सांगतो. इथे बसलेल्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसणार.

खेळाचं नाव हर्लिंग. दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण. प्रत्येकाच्या हातात अॅशच्या लाकडाची काठी, तिला म्हणतात हर्ली. टोकाला ती रुंद आणि चपटी होत जाते. चेंडू आकाराने क्रिकेटच्या चेंडूएवढा, वजनाला हलका, आणि त्याची शिवण चांगली वर आलेली. हा चेंडू हवेत झेलायचा, हातात धरून चार पावलांच्या पुढे न्यायचा नाही, काठीच्या पात्यावर तोलून मात्र पळवेल तेवढं पळायचं, आणि पळता पळताच टोला हाणायचा. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. मैदान १४५ मीटरपर्यंत लांब आणि ९० मीटरपर्यंत रुंद. फुटबॉलचं मैदान त्यात ठेवलं तर चारी बाजूंनी जागा उरते. खेळ सत्तर मिनिटांचा, आणि त्यात श्वास घ्यायला सवड अशी नाहीच.

ती काठी कशी होते ते ऐका. कारागीर अॅशच्या झाडाच्या बुंध्याचा अगदी तळचा, जमिनीलगतचा, सव्वा-दीड मीटरचा तुकडा घेतो. वरचं सरळ खोड त्याला नको असतं. तळाशी खोड मुळांकडे वळतं, लाकडाच्या रेषाही त्याच्याबरोबर वळतात, आणि हर्लीच्या टोकाला जो बाक लागतो तो त्या रेषांत आधीपासूनच असतो. सरळ फळीतून बाक कापून काढाल तर पहिल्या टकरीला काठी तिथेच चिरेल. मग पात्याच्या टोकाला पत्र्याची पट्टी ठोकतात, म्हणजे लाकूड फाटत नाही. दोन हर्ल्या एकमेकींवर आदळल्या की कोरडा, टणक आवाज होतो, आणि तो गॅलरीच्या वरच्या ओळीपर्यंत ऐकू जातो. २०१२ पासून आयर्लंडमध्ये अॅशच्या झाडांवर बुरशीचा रोग आला आहे, झाडं वाळत चालली आहेत, म्हणून आता बांबूच्या काठ्याही मैदानात दिसतात. जुन्या लोकांना त्यांचा आवाज पटत नाही. हेल्मेट २०१० पासून सक्तीचं झालं. त्याआधी? त्याआधी अनेक जण उघड्या डोक्यानेच खेळत. असो.

आता जमिनीकडे येऊ.

१ नोव्हेंबर १८८४. थर्लसच्या मुख्य चौकातल्या हेज हॉटेलात मूठभर माणसं जमली. मायकल क्यूसॅक हा क्लेअर काउंटीतला शिक्षक, डब्लिनमध्ये शिकवणी वर्ग चालवणारा, दांडगा आणि तोंडाळ. मॉरिस डेव्हिन नावाजलेला अॅथलीट, तो पहिला अध्यक्ष झाला. एक होता ब्रॅकन, दगडकाम करणारा. त्याचा मुलगा पुढे महायुद्धाच्या काळात चर्चिलच्या मंत्रिमंडळात गेला, हा इतिहासाचा विनोद. आणि एक होता मॅकार्थी, इंग्रजांच्या पोलीस खात्यातला अधिकारी, वर आयर्लंडकडून रग्बी खेळलेला. या माणसांनी ‘गेलिक अॅथलेटिक असोसिएशन’ काढली. तिकडे तिला जीएए म्हणतात, आपणही तेच म्हणू.

कशासाठी काढली? त्या काळी अॅथलेटिक्सचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांच्या मते खेळ हा सभ्य गृहस्थांचा. मजुराने, कारागिराने त्यात उतरू नये. शिवाय गावोगावचे जुने खेळ मागे पडत होते आणि इंग्रजी खेळ पसरत होते. क्यूसॅकला दोन्ही गोष्टी खटकत होत्या. त्याने आश्रयदाते मिळवले तेही तसेच वजनदार: आर्चबिशप क्रोक, जमीन चळवळीचा पुढारी मायकल डॅव्हिट, आणि पार्नेल. ज्या होमरूलच्या नावाने टिळकांनी १९१६ मध्ये आपल्याकडे लीग काढली, त्या होमरूलसाठी आयर्लंडमध्ये लढणारा हा पार्नेल.

ठीक. संस्था निघाली, नियम झाले, स्पर्धा सुरू झाल्या. पण खेळायचं कुठे? कोणाच्या तरी शेतात. शेतमालक देईल तेव्हा आणि देईल तितका वेळ. आपल्याकडच्या किती मंडळांची ही कथा आहे ते इथे बसलेल्यांना सांगायला नको.

थर्लसला गावाकडेला एक जागा होती, कृषी प्रदर्शनाची. बैल, मेंढ्या, घोडे तिथे मिरवत. १९१० मध्ये ते प्रदर्शन भरवणारी मंडळी आटोपली आणि जागा विक्रीला निघाली. किंमत ९०० पौंड. गावातल्या लोकांनी ठरवलं की आपण घ्यायची. पुढे होते कॅनन रायन नावाचे धर्मगुरू आणि टॉम सेंपल. हा सेंपल कोण? रेल्वेतला गार्ड, आणि टिपररीच्या हर्लिंग संघाचा कप्तान. त्याच्या नेतृत्वाखाली टिपररीने १९०६ आणि १९०८ चं अखिल आयर्लंड अजिंक्यपद जिंकलं होतं. म्हणजे गावात शब्दाला वजन असलेला माणूस, पण खिशाने रेल्वेचा गार्डच.

९०० पौंड कुठून आणायचे? त्यांनी शेअर काढले आणि गावकऱ्यांना विकले. दुकानदाराने घेतले, शेतकऱ्याने घेतले. नफा मिळणार नव्हता हे घेणाऱ्यालाही माहीत असणार. मैदानाच्या शेअरवर कोणी गब्बर झाल्याचं ऐकलंय का कधी? पण जमीन गावाची झाली. आणि पुढची सेहेचाळीस वर्षं ती स्थानिक भागधारकांच्याच नावावर राहिली. १९५६ मध्ये त्यांनी ती जीएएच्या नावावर करून दिली. १९७१ मध्ये तिला टॉम सेंपलचं नाव दिलं गेलं, तोवर तो जाऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती.

इथे क्षणभर थांबा. राजाचं नाही, मंत्र्याचं नाही, देणगीदाराचं नाही. ज्याने मैदान उभं करण्यासाठी गावात हिंडून पैसे गोळा केले त्या गार्डाचं नाव. आपल्याकडच्या स्टेडियमची नावं आठवून बघा. घरी जाऊन बघा, इथे नको, पुढारीही बसलेत.

दुसरी गोष्ट, काउंटीची. हे मैदान गावाचं म्हटलं, पण तिथे गर्दी होते ती काउंटीसाठी. आणि या काउंट्या आखल्या कोणी? इंग्रजी राजवटीने, कारभाराच्या सोयीसाठी. शेवटची, विकलो नावाची, १६०६ मध्ये आखली गेली. करवसुलीच्या आणि कोर्टकचेरीच्या त्या रेषा. जीएएने काय केलं? खाली चर्चच्या पॅरिशचा क्लब, वर काउंटीचा संघ, अशी उतरंड लावली, आणि साहेबाने आखलेल्या त्याच रेषांमध्ये जीव ओतला. आज आयरिश माणसाला विचारा तू कुठला, तो आधी काउंटी सांगतो. न्यूयॉर्कमध्ये विचारा, तरी काउंटीच सांगेल.

टिपररीची तर आणखी गंमत आहे. सरकारने या काउंटीचे कारभारासाठी दोन तुकडे केले होते, उत्तर आणि दक्षिण. दोन काउंटी कौन्सिलं, दोन मुख्यालयं. हे शंभर वर्षांहून जास्त काळ चाललं, आणि २०१४ मध्ये ती कौन्सिलं एक झाली. पण मैदानावर टिपररी कधी दोन नव्हतीच. निळ्या-पिवळ्या रंगाचा एकच संघ. सरकारदरबारी दुभंगलेला जिल्हा सेंपल स्टेडियमच्या कुंपणाच्या आत अखंड होता. जिल्हा विभाजनावर आपल्याकडे किती मोर्चे निघतात! थर्लसला मोर्च्याची गरज पडली नाही, दर उन्हाळ्यात मन्स्टरचे सामने होते.

हो, मन्स्टर. कॉर्क, लिमरिक, क्लेअर, वॉटरफर्ड, केरी आणि टिपररी मिळून हा प्रांत होतो. यांतल्या दोन काउंट्यांचा सामना तिसरीच्या जमिनीवर ठेवायचा झाला की थर्लसचं नाव निघतं. मध्यावर आहे, रेल्वे आहे, गवत उत्तम आहे. सामन्याच्या दिवशी लोक लिबर्टी स्क्वेअरमधून चालत मैदानाकडे निघतात. वाटेत आर्चबिशप क्रोकचा पुतळा, हेज हॉटेल. एक गोष्ट बाहेरच्या माणसाला लगेच जाणवते. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक एकत्र बसतात. मधे जाळी नाही, पोलिसांची रांग नाही. लाल कॉर्कवाला आणि हिरवा लिमरिकवाला एकाच बाकावर, एकमेकांच्या कानात ओरडत. युरोपात फुटबॉलचे सामने पाहिलेल्यांना हे खरं वाटत नाही. मला याचं कारण असं वाटतं की इथे कोणीच गिऱ्हाईक नाही. दोघेही स्वतःला घरचे समजतात, आणि घरच्या कार्यात पंगती वेगळ्या मांडत नाहीत.

आता खेळाडू. तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यांत अवघड.

हे खेळाडू बिनपगारी आहेत. मानधन नाही, लिलाव नाही. काही खर्च मिळतो, सरकारकडून थोडं अनुदान मिळतं, पण खेळण्याचे पैसे म्हणून कोणी देत नाही. २० जुलै २०२५ ला टिपररीने जीएएच्या डब्लिनमधल्या क्रोक पार्क मैदानात अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात कॉर्कला हरवलं. मध्यंतराला टिपररी सहा गुणांनी मागे होती. दुसऱ्या अर्ध्यात कॉर्कला एकही गोल करता आला नाही, मिळाले फक्त दोन गुण. शेवटी १५ गुणांनी विजय. क्रोक पार्कला ८२ हजारांची गर्दी, तिकिटं मिळवायला मारामार. आणि जिंकणाऱ्या पंधरा जणांना त्या गर्दीतून मिळालं काय? पदक. सुट्टी संपली की नोकरीवर.

टिपररीचा खेळाडू पैशासाठी कॉर्ककडे जात नाही. नियमांतून काउंटी बदलता येते, पण त्याला सबळ कारण लागतं, आणि गाव ते सहज विसरत नाही. आपल्या कबड्डीला २०१४ मध्ये लीग आली. गावच्या मैदानावरचा पोरगा लिलावात उभा राहिला, त्याला पैसे मिळाले. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्याने घर चालवायचं त्याने पैसे घ्यावेत. पण लिलावात उभा राहिलेला पोरगा कोणत्या गावचा म्हणून टाळी घेतो, याचं उत्तर दर हंगामाला बदलतं, हेही खरं.

आणि थर्लसची बाजू तरी इतकी स्वच्छ आहे का? नाही. आठवड्यातून चार-पाच दिवस सराव, आहार, व्यायाम, सगळं व्यावसायिक खेळाडूसारखं, आणि पगार शाळामास्तराचा. प्रक्षेपणाचे हक्क विकले जातात, तिकिटं विकली जातात, प्रायोजकाचं नाव छातीवर छापलं जातं. आयर्लंडमध्येच लोक विचारतात, सगळ्यांना पैसे मिळतात, घाम गाळणाऱ्यालाच तेवढे का नाहीत? जीएएचं उत्तर असं की हा पैसा पुन्हा क्लबांकडे, गावच्या मैदानांकडे जातो. उत्तर चुकीचं नाही. पण ते देणाऱ्यांत पगार घेणारे पदाधिकारीही असतात, आणि ऐकणारा तेवीस वर्षांचा पोरगा गुडघ्याला बर्फ लावून बसलेला असतो. मला या प्रश्नाचं उत्तर सापडलेलं नाही. तुम्हाला सापडलं तर चहाच्या वेळी सांगा.

मालकीला आणखी एक बाजू असते, कुलपाची. ज्याचं मैदान, त्याच्या हातात किल्ली. जीएएने ती किल्ली बरीच वर्षं घट्ट धरून ठेवली. नियम केला की जीएएच्या सभासदाने फुटबॉल, रग्बी, क्रिकेट, हॉकी हे परकीय खेळ खेळायचे नाहीत, बघायलाही जायचे नाहीत. १९३८ मध्ये डग्लस हाइड हे खुद्द आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष फुटबॉलचा सामना बघायला गेले, तर जीएएने त्यांना आश्रयदाते या पदावरून काढून टाकलं! आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला माणूस. हा नियम १९७१ पर्यंत होता. इंग्रजांच्या पोलिसांना आणि सैनिकांना सभासदत्व नाही, हा दुसरा नियम २००१ पर्यंत. म्हणजे हेज हॉटेलातल्या त्या बैठकीतला मॅकार्थी, पोलीस अधिकारी आणि रग्बीपटू, त्याच संस्थेच्या दोन-दोन नियमांत अडकला असता.

यामागे जखम होती, हे विसरून चालणार नाही. २१ नोव्हेंबर १९२० रोजी क्रोक पार्कमध्ये डब्लिन आणि टिपररीचा गेलिक फुटबॉलचा, म्हणजे जीएएच्याच दुसऱ्या खेळाचा, सामना चालू असताना इंग्रजांच्या दलांनी गोळीबार केला. चौदा माणसं मेली. त्यांत टिपररीचा खेळाडू मायकल होगन होता. ज्या गवतावर आपला माणूस पडला, त्यावर इंग्लंडचा संघ कसा खेळू द्यायचा? हा प्रश्न पुस्तकी नव्हता. २००५ मध्ये जीएएने मतदान करून क्रोक पार्क इतर खेळांना खुलं केलं, आणि २००७ मध्ये इंग्लंडचा रग्बी संघ तिथे खेळून गेला. इंग्लंडचं राष्ट्रगीत शांतपणे ऐकलं गेलं.

पण काउंटीच्या मैदानांवर कुलूप होतंच. २०१८ मध्ये कॉर्कचा फुटबॉलपटू लिआम मिलर कॅन्सरने गेला, तेव्हा त्याच्या कुटुंबासाठी मँचेस्टर युनायटेड, सेल्टिक आणि आयर्लंडच्या जुन्या खेळाडूंचा सामना ठरला. जीएएचं पार्क ई कीव हे मोठं मैदान कॉर्क शहरातच होतं, तरी आधी नकार आला. नियमात बसत नाही म्हणे. लोक भडकले. या मैदानाच्या नूतनीकरणाला सरकारने ३ कोटी युरो दिले होते, त्याची आठवण सगळ्यांनी करून दिली. शेवटी परवानगी मिळाली, सामना झाला, मैदान गच्च भरलं. मला विचाराल तर परवानगी पहिल्याच दिवशी द्यायला हवी होती. किल्ली हातात असणं आणि दारात अडून बसणं, यात फरक करता यायला हवा.

बायकांच्या बाबतीत तर कुलूप दिसतही नव्हतं इतकं ते जुनं. बायकांच्या हर्लिंगला कॅमोगी म्हणतात, तिची वेगळी संघटना १९०४ पासून. बायकांच्या गेलिक फुटबॉलची संघटना १९७४ मध्ये निघाली, आणि निघाली कुठे? थर्लसला, त्याच हेज हॉटेलात! नव्वद वर्षांनी. मैदानं मात्र जीएएची, म्हणजे मागून घ्यायची. २०२५ च्या मेपर्यंत कॅमोगी खेळणाऱ्या मुलींना स्कर्टवजा कपडेच सक्तीचे होते. अर्धी चड्डी चालेल, असा ठराव व्हायला २०२५ साल उजाडावं लागलं. आता तिन्ही संघटना २०२७ पर्यंत एक करायचं चाललं आहे.

आता बोजा. सुरुवातीला म्हटलं होतं ना, बोजा किती आणि फेडतो कोण.

मैदान एकदा बांधून होत नाही. ते दर पिढीला पुन्हा बांधावं लागतं, आणि दर वेळी कर्ज होतं. केरीतल्या किलार्नीचं फिट्झजेरल्ड स्टेडियम १९३६ मध्ये खुलं झालं. त्याच्या बांधकामात शेजारच्या मनोरुग्णालयातले रुग्ण राबले. तिथले डॉक्टर एमन ओसलिव्हन केरीच्या संघाचे प्रशिक्षक होते, आणि अंगमेहनत हा उपचाराचा भाग आहे असं त्यांचं म्हणणं. आज हे ऐकून आपण दचकतो, दचकायलाच हवं. पण पुढच्याच वर्षी, १९३७ ला, डब्लिनच्या क्रोक पार्कमधल्या स्टँडचं काम संपामुळे अडलं आणि हर्लिंगचा अखिल आयर्लंड अंतिम सामना याच किलार्नीच्या मैदानावर झाला. टिपररीने किलकेनीला हरवलं. मजुरी न मिळालेल्या त्या हातांचं नाव कुठल्याच स्टँडला नाही.

थर्लसला १९८४ आलं. जीएएची शताब्दी. अंतिम सामना क्रोक पार्कमधून इथे आणायचा ठरला, संस्था जिथे जन्मली तिथे. मग स्टँड वाढवा, पायऱ्या बांधा, काँक्रीट ओता. सामना थाटात झाला, कॉर्कने ऑफलीला हरवलं, ६० हजारांच्या आसपास लोक आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी गेली आणि कर्ज मागे राहिलं. आणि १९८० चं दशक आयर्लंडला वाईट होतं. पोरं देश सोडून चालली होती. थर्लसचा साखर कारखाना त्या दशकाच्या शेवटी बंद पडला. साखर कारखाना बंद पडला म्हणजे गावाचं काय होतं, हे महाराष्ट्राला समजावून सांगावं लागत नाही.

काउंटीच्या माणसांनी काय करावं? त्यांनी रॉक संगीताचा महोत्सव भरवला! १९९० पासून पाच वर्षं, ऑगस्टच्या सुट्टीत, ‘फेला’ नावाने. केस वाढवलेली, जीन्स फाटलेली तरुण पोरं हजारोंनी थर्लसला येऊन तंबू ठोकून राहिली. ज्या संस्थेने एके काळी फुटबॉल बघायला बंदी घातली होती, तिच्या पवित्र गवतावर रात्रभर गिटार वाजली. गावातल्या म्हाताऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण दुकानदारांचा गल्ला भरला आणि कर्ज हलकं झालं. मला हा प्रसंग फार आवडतो. परंपरा जपायची म्हणजे काय काय करावं लागतं!

आज मैदानाच्या नावाआधी एका विमा कंपनीचं नाव लागलं आहे, एफबीडीचं. कंपनी मुळात शेतकऱ्यांमधून निघालेली. कृषी प्रदर्शनाची जागा होती, तिच्यावर पुन्हा शेतकऱ्यांच्या कंपनीची पाटी. गावाला फार खुपलं नाही, कारण सेंपल हे नाव जागेवर राहिलं.

उलट उदाहरण हवं असेल तर बेलफास्टला जा. अँट्रिम काउंटीचं केसमेंट पार्क, १९५३ मध्ये खुलं झालं. रॉजर केसमेंटला इंग्रजांनी १९१६ मध्ये फाशी दिलं, त्याचं नाव. उत्तर आयर्लंडमध्ये, ब्रिटिश अमलाखाली, हे नाव पाटीवर लावणं हीच एक घोषणा होती. १९७० च्या दशकात ब्रिटिश सैन्याने हे मैदान काही काळ ताब्यात घेतलं होतं. २०१३ नंतर तिथे सामना झालेला नाही. नवीन बांधायचं ठरलं, सरकारने पैसे कबूल केले, शेजाऱ्यांनी हरकत घेतली, २०१४ मध्ये कोर्टाने परवानगी रद्द केली. पुन्हा आराखडा, पुन्हा परवानगी. मग २०२८ च्या युरो फुटबॉल स्पर्धेचं गाजर. खर्च फुगत फुगत ४० कोटी पौंडांच्या वर जाईल असा अंदाज आला आणि २०२४ मध्ये लंडनच्या सरकारने हात वर केले. २०२५ मध्ये ५ कोटी पौंड देऊ म्हणाले. इकडे पायऱ्यांमधून झाडं उगवली होती. एक तपाहून जास्त काळ अँट्रिमला आपलं मोठं मैदान नाही. एका पोराचं सगळं खेळण्याचं वय त्यात निघून गेलं. सरकारने पैसे देऊ नयेत असं मी म्हणत नाही, दिलेच पाहिजेत. पण सगळा तंबू त्या एकाच खुंटीला बांधला तर खुंटी हलल्यावर काय?

आणि शेवटी कॉर्क. लिआम मिलरच्या सामन्याचं ते मैदान, पार्क ई कीव. १९२९ पासून १९६४ पर्यंत जीएएचे सरचिटणीस असलेले पॉड्रिग ओ कीव यांचं नाव. २०१७ मध्ये नव्याने उभं राहिलं, खर्च ठरल्यापेक्षा कितीतरी वर गेला, आणि काउंटीच्या डोक्यावर सुमारे ३ कोटी युरोंचं कर्ज बसलं. २०२४ च्या जानेवारीत बातमी आली की एका सुपरमार्केटशी बोलणी चालू आहेत आणि मैदानाचं नाव सुपरव्हॅल्यू पार्क होणार. ओ कीव गायब. मग काय विचारता! ओ कीवचं कुटुंब, मंत्री, रेडिओ, दारूच्या गुत्त्यातली टेबलं, सगळीकडे आग. आठवड्याभरात तडजोड झाली: सुपरव्हॅल्यू पार्क ई कीव. दोन्ही नावं. कर्जही राहिलं, माणूसही राहिला.

पण त्याआधीचा एक किस्सा सांगतो आणि थांबतो, कारण अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिलं. २०२२ च्या एप्रिलच्या शेवटी पार्क ई कीववर एड शीरनच्या गाण्याचे कार्यक्रम होते. कर्ज फेडायचं तर असे कार्यक्रम घ्यावेच लागतात. लगेच पुढच्या आठवड्यात कॉर्क आणि केरी यांचा गेलिक फुटबॉलचा सामना होता, आणि तो कॉर्कच्या घरी व्हायची पाळी होती. मैदान गुंतलेलं, म्हणून सामना केरीकडे, किलार्नीला हलवायचं ठरलं. कॉर्कच्या बिनपगारी खेळाडूंनी जाहीर सांगून टाकलं, आम्ही जाणार नाही. आमच्या शहरात दुसरं, धाकटं मैदान आहे, पार्क ई रिन, तिथे खेळवा नाहीतर आम्ही खेळत नाही. पदाधिकारी म्हणाले, छोटं पडेल, नियमात बसत नाही. खेळाडू हलले नाहीत. केरीवाल्यांनीही समजून घेतलं. आणि हे पार्क ई रिन कुठून आलं होतं? ते मुळात फुटबॉलचं मैदान. १९८९ मध्ये कॉर्कच्या जीएएने ते विकत घेतलं, परक्या खेळाच्या हातून.

सामना तिथेच झाला, ७ मे २०२२ रोजी. कॉर्क १२ गुणांनी हरलं.